सान ब्लासच्या वाटेवरचे चार बोल्ट

९ फेब्रुवारी, सोमवार

पुण्याच्या एका साप्ताहिकाला मी दरमहा क्यूबाचं पत्र लिहितो. त्यात ऊस येतो, हवामान येतं, बेसबॉल येतो; सासरचं काही येत नाही. सासरचं फार साठत चाललं, म्हणून आजपासून ही वही.

काल आमच्या ओट्यावर पंचायत बसली. आरोपी माझे सासरे एवेलियो, वय वर्षं एकोणऐंशी, सान ब्लास साखर कारखान्याचे निवृत्त मुख्य फिटर. आरोप एकच, एकटं राहणं. दोन वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला, पाठोपाठ बस बंद पडली, आणि कारखान्याच्या वसाहतीत आता पंधरा घरं, काही कोंबड्या आणि सासरे एवढेच उरलेत. आमच्या रेमेदिओस गावापासून ही वसाहत अकरा किलोमीटर. फिर्यादी माझा मेहुणा ओसमानी, सान्ता क्लाराच्या बस आगारात फोरमन. त्याचं म्हणणं, बाबांना माझ्या फ्लॅटवर नेतो.

"कितवा मजला?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"चौथा."

"चौथ्या मजल्यावर कबुतरं राहतात."

"बाबा, रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला तुम्ही विसरता. जेवायचं विसरता. उद्या पडलात तर कोण बघणार, कोंबड्या?"

शेवटी माझ्या बायकोनं, नेरेइदानं, तडजोड काढली. एक दिवसाआड आम्ही डबा आणि गोळ्या पोचवायच्या. मे महिन्यात बाबांना ऐंशी पूर्ण होतील, तोवर हे नीट चाललं तर ते तिथेच राहतील.

"आणि पोचवणार कशावरून, ताई? दाजी चालत जाणार?" ओसमानीनं माझ्या पोटाकडे पाहिलं.

सासरे म्हणाले, "मास्तरांसाठी मी गाडी केलीय." मास्तर म्हणजे मी.

ओसमानी हसला. मग म्हणाला, "एकदा चुकलं तर माफ. दुसऱ्यांदा चुकलं तर मी ट्रक घेऊन येतो."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

गाडी पाहिली. एक चिनी सायकल, तिच्या त्रिकोणात औषधफवारणीच्या पंपातून काढलेलं रशियन इंजिन, आणि खोकल्याच्या औषधाची मोठी बाटली ही पेट्रोलची टाकी. हिला इथे रिकिंबिली म्हणतात. नाव उच्चारलं की तिचा आवाजही ऐकल्यासारखा होतो, दोन कामं एकदम होतात.

इंजिन सायकलला चार बोल्टांनी धरलेलं आहे. ते सासऱ्यांनी माझ्यासमोर बसवले. फडताळावरचा पेरूच्या वडीचा जुना निळा डबा काढला, बोल्ट चाचपून निवडले, दोन फेरे बोटांनी दिले आणि मग पाना लावून असे आवळले की सायकल कण्हली. प्रत्येक बोल्टाच्या माथ्यावर तीन बारीक रेघा आहेत. वाईच्या पाठशाळेत आमच्या गुरुजींच्या कपाळावर असत तशाच. मला तो शुभशकुन वाटला.

"किती घट्ट झाले?" मी विचारलं.

"मास्तर, हे बोल्ट आता माझ्या तेराव्यालाच सुटतील."

मग त्यांनी मला कॉफी ओतून दिली. निम्मी कपात, निम्मी टेबलावर. डोळ्यांचं विचारलं तर म्हणाले, टेबल वाकडं आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पाच फेऱ्या झाल्या. रिकिंबिलीवर बसल्यावर माणूस थरथरून दोन-दोन दिसतो, असं शेजारचा न्हावी म्हणतो. माझं मराठी, संस्कृत आणि स्पॅनिश तिन्ही अकरा किलोमीटरांत एकमेकांत मिसळून जातात. सान ब्लासला उतरल्यावर पहिलं वाक्य कुठल्या भाषेत निघेल ते सांगता येत नाही.

बोल्ट सुटतात. रोज नाही, पण दर फेरीत एखादा तरी फिरायला लागतो. इंजिनाचा सूर बदलतो, मांडीला धडका बसल्या की मी उतरून पाना लावतो. पाना लागतो, बोल्ट घट्टही लागतो, आणि तीन किलोमीटरांवर पुन्हा तेच. आम्ही न्यायशास्त्रात संयोग आणि विभाग, म्हणजे जुळणं आणि सुटणं, हे दोन वेगळे गुण म्हणून शिकलो. त्यांच्यामध्ये फक्त तीन किलोमीटरांचं अंतर असतं हे गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही पाना धरता कसा? पेन धरल्यासारखा. बोल्टाला कळतं, कोण आवळतंय ते."

हे खरं असावं. रोज सकाळी पन्नास जोर काढायला सुरुवात केली आहे. आज अकरा झाले.

३ मार्च, बुधवार

व्हायचं ते झालं.

रेल्वे फाटकाच्या अलीकडे एक बोल्ट पूर्ण निघून पडला. दुसरा लटकत होता. इंजिन एका बाजूला कलंडलं, चेन उतरली, आणि मी डब्यासकट उसाच्या पाचटात. पडलेला बोल्ट तासभर शोधला. सापडला एकदाचा, पण परत बसेना; दोन फेरे घ्यायचा आणि अडायचा. साडेपाच किलोमीटर गाडी ढकलत घरी आलो. काळ्या घेवड्याच्या आमटीनं शर्ट भिजलेला. फाटकावरची बाई म्हणाली, "गाडी तुम्हाला नेते की तुम्ही गाडीला, मास्तर?"

हसण्यासारखं इथवरच. माझी वाट बघून सासरे दुपारी रुळांवरून चालत निघाले होते. गोळी घेतलेली नाही, पोटात काही नाही. सिग्नलच्या खांबाला धरून बसलेले एका गवळ्याला सापडले. त्यानं घोडागाडीतून घरी नेलं. लागलं काही नाही, गुडघा खरचटला आहे.

गवळ्याकडून बातमी आमच्याकडे, आमच्याकडून शेजारच्या फोनवरून ओसमानीकडे. ओसमानी ओरडला नाही. "एक झालं, दाजी," एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

नेरेइदानं खिशातला बोल्ट मागितला. खिडकीशी नेला, त्याच्या आट्यांवरून अंगठ्याचं नख सावकाश फिरवलं.

"हे बाबांनी कुठल्या डब्यातून काढले?"

"निळ्या."

"हं."

"का?"

"काही नाही. बाबांना बोल्टांबद्दल काही बोलू नकोस. आणि ओसमानीला तर मुळीच नको."

मी म्हटलं, बोलण्यासारखं काय आहे, दोष माझ्या मनगटाचा. ती म्हणाली, "तू ना, फार चांगला माणूस आहेस." बोल्टाचा आणि चांगुलपणाचा संबंध लागला नाही. ती दवाखान्याच्या औषधविभागात काम करते. लहानपणी शाळेचा अभ्यास म्हणे बापाच्या फिटिंग टेबलावर बसून करायची, पण त्याला चाळीस वर्षं झाली.

७ मार्च, रविवार

नेरेइदा उसाच्या ट्रकवर बसून एकटी बापाकडे जाऊन आली. घर झाडलं, डबा दिला. येताना पेरूच्या वडीचा एक लाल डबा घेऊन आली, फडताळावर निळ्याच्या शेजारी असतो तो.

"बटणं ठेवायला," म्हणाली.

डबा वाजत होता. बटणांच्या मानानं जड वाटला, पण जुन्या काळी बटणं चांगली भक्कम करत.

११ मार्च, गुरुवार

चमत्कार. मंगळवारी जाऊन आलो, आज जाऊन आलो, एकही बोल्ट हलला नाही. जोर आता एकोणीसपर्यंत गेलेत. शरीर सुधारलं की पान्यात उतरतं, हे मी आज सासऱ्यांना ऐकवलं. त्यांनी मिशीवर ताव दिला आणि म्हणाले, "बोल्ट कोणी निवडले ते विसरू नका." आम्ही दोघं अर्धं अर्धं श्रेय घेऊन कॉफी प्यायलो.

परतल्यावर बोल्ट निरखून पाहिले. माथ्यावर आठ पूर्णांक आठ दशांश असा आकडा कोरलेला आहे. दहापैकी गुण असावेत. वाईला मला व्याकरणात याहून कमी होते. मुळाशी लाल रंगाचा ठिपकाही आहे, बोल्टापासून पत्र्यापर्यंत ओढलेला. सासऱ्यांच्या कारखान्याची काही खूण असेल.

घरातही एक बदल नोंदवण्यासारखा. आंघोळीच्या वेळी बादलीवर वाकून सूक्तं म्हणायची माझी सवय चोवीस वर्षं नेरेइदाला खपत नव्हती. "पाणी संपलं तरी तुझं संपत नाही," म्हणायची. या आठवड्यात रोज सकाळी स्वतःहून सांगते, "सावकाश म्हण. सगळी म्हण. घाई करू नकोस." उतारवयात माणसाला अर्थापेक्षा नाद कळायला लागतो. आज मी तिच्यासाठी दोन जास्त म्हटली.

१६ मार्च, मंगळवार

सासऱ्यांकडे डॉमिनोचा डाव. मी हरलो. हरवण्याच्या आनंदात त्यांनी एक फार चांगली गोष्ट सांगितली. पत्रात घालण्याजोगी आहे, म्हणून सगळी उतरवतो.

कारखाना मुळात अमेरिकनांनी बांधलेला. सगळी मापं इंचांत. नंतर अमेरिकन गेले, रशियन आले, ती मापं मिलिमीटरांत. एकाच छपराखाली दोन्ही यंत्रं.

"मास्तर, अमेरिकन बोल्ट आणि रशियन भोक, यांचं लग्न लावायचं नसतं. दिसायला अगदी जोडा. पहिले दोन फेरे प्रेमानं घेतात. तिसऱ्याला आटे एकमेकांत अडतात, आणि बाहेरून वाटतं, वा, काय घट्ट बसलं. धरलेलं काहीच नसतं. जरा थरथर झाली की गेला."

"मग तुम्ही ओळखायचात कसं?"

"अमेरिकन बोल्टाच्या माथ्यावर रेघा, रशियनच्या माथ्यावर आकडे. मी दोन डबे केले. निळा अमेरिकनांचा, लाल रशियनांचा. आवळून झाला की मुळाशी रंगाचा ठिपका ओढायचा, पत्र्यापर्यंत; ठिपका तुटला म्हणजे बोल्ट हलला. बत्तीस वर्षांत एकदाही बोल्ट चुकला नाही. नवीन पोरानं चुकवला तर त्याला आठवडाभर मळी उपसायला लावायचो."

घरी येऊन खातरजमा केली. इंजिन रशियन आहे, बोल्टांवर आकडे आहेत. म्हणजे सगळं शास्त्रोक्त. सासरे चुकत नाहीत ते असे. बारा फेब्रुवारीला मी तीन रेघा पाहिल्याचं आणि डबा निळा असल्याचं याच वहीत वर लिहिलेलं आहे. चष्म्याचा नंबर वाढलेला दिसतो.

२९ मार्च, सोमवार

एक नाजूक गोष्ट. नेरेइदाच्या परदेशी राहणाऱ्या बहिणीनं नाताळात पाठवलेली लाल नेलपॉलिशची बाटली तळाला गेली आहे. परवा न्हाणीघरातून निघालो तर अंगणात कॉफीच्या वासात त्याचा वास मिसळलेला. नेरेइदा गाडीशेजारी उकिडवी बसलेली, मला बघून उठली. हात मात्र कोरे. एकाही नखाला रंग नाही.

धूर दिसला की अग्नी असतो, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. रंग संपतो आहे, नखांवर नाही. औषधविभागात रंगवलेली नखं चालत नाहीत. तेव्हा ती सकाळी लावत असणार, स्वतःशीच बघत असणार, आणि कामाला जायच्या आधी पुसून टाकत असणार. पन्नाशीतल्या बाईला एवढ्या हौशीसाठी लपावं लागतं हे पाहून मला भरून आलं. सूक्तं आणखी लांबवली, तिला वेळ मिळावा म्हणून.

५ एप्रिल, सोमवार

आज सान ब्लासला विचित्र दिवस.

सासरे म्हणाले, आणा गाडी, हात फिरवून बघतो. जमिनीवर बसले आणि एकेका बोल्टाच्या माथ्यावरून अंगठा फिरवायला लागले. पहिल्यावर थांबले. पुन्हा फिरवला. दुसरा, तिसरा, चौथा. मग मुळाशी असलेला तो लाल ठिपका नखानं खरवडला आणि नाकाशी नेला.

"हे कोणी लावलं?"

"तुम्हीच ना?"

बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. कोणी गेल्याची बातमी आल्यावर बसतात तसे ते बसून राहिले, पण चेहरा वाईट नव्हता. कधीतरी म्हणाले, "हो. मीच."

मग फडताळाकडे गेले, एक हात लाल डब्याच्या मोकळ्या जागेवर ठेवला, आणि निळा डबा खाली काढून माझ्या हातात दिला.

"हा नेरेइदाला द्या. बटणांना पुरत नसेल एक डबा."

"बाबा, यात तर बोल्ट आहेत. तुम्हाला लागतील."

"मला आता नाही लागणार. आणि तिला सांगा, डोळ्यांच्या त्या डॉक्टरचं काय म्हणत होती, बघू म्हणावं." मी दारापर्यंत गेल्यावर पुन्हा हाक मारली. "मास्तर, ती सात वर्षांची होती तेव्हा डबे तीच लावायची. सांगितलंय कधी तिनं?"

नाही सांगितलं. घरी निरोप दिला, डबा दिला. नेरेइदा डबा मांडीवर घेऊन अंगणात बसली आणि रडली. मी विचारलं तर म्हणाली, कांदा. कांदा आठवडाभर मिळालेला नाही.

२३ एप्रिल, शुक्रवार

सासऱ्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, सान्ता क्लाराला. ओसमानीकडे आठ दिवस राहिले. कबुतरांना दाणे टाकत होते म्हणे. परत सान ब्लासला आल्यावर पहिली तक्रार: "घर एवढं मळकं कोणी केलं?"

ओसमानीला हीच संधी वाटते आहे. फोनवर म्हणाला, आठ दिवस राहिले की नाही मजेत? आठ तारखेला वाढदिवसाला येतो, सामान बांधायच्या तयारीनं. नेरेइदानं त्याला करार आठवून दिला. तो म्हणाला, "करार आहे ना, मग मी तुमच्या गाडीवर बसूनच जातो. अकरा किलोमीटर. एकदाही थांबली तर दुसरी चूक धरायची. केक घेऊन बसतो मागे."

९ मे, रविवार

काल वाढदिवस झाला. सविस्तर लिहितो.

नेरेइदा पहाटेच उसाच्या ट्रकनं पुढे गेली होती. निघण्यापूर्वी तिनं मला दोनदा आंघोळ करायला लावली. एकदा आदल्या संध्याकाळी.

ओसमानी आला. इथल्या रिवाजाप्रमाणे केक खोक्यात नाही, उघडा, पुठ्ठ्यावर, वर निळ्या साखरफेसाची नक्षी आणि ऐंशीचा आकडा. तो त्यानं तळहातावर धरला, वेटर धरतात तसा, आणि मागच्या कॅरियरवर बसला.

"दाजी, नक्षी मोडली तर ट्रक सांगतो हं."

"तू श्वास रोखून धर. तुझ्या वजनानं मोडेल."

निघालो. रस्त्यावर लोक थांबून बघत होते. न्हावी दुकानाबाहेर येऊन म्हणाला, "वरात निघाली." फाटकाजवळच्या खड्ड्यांत माझे दात वाजले, ओसमानी आईच्या नावानं काहीतरी म्हणाला, पण इंजिनाचा सूर बदलला नाही. मी मांडीनं चाचपत होतो. धडका नाहीत. सिग्नलच्या त्या खांबापाशी मात्र माझं हँडल आपोआप घट्ट धरलं गेलं. इथेच ते बसले होते. मागून ओसमानीनंही विचारलं, "इथे ना?" मी मान हलवली.

एकदाही न थांबता पोचलो. साखरफेसाचं फक्त एक निळं फूल पडलं होतं, ते माझ्या मानेवर सापडलं.

सासरे दारात उभे होते, डोळ्यावर काळा चष्मा. ओसमानीनं केक बहिणीच्या हातात दिला आणि खिशातून स्वतःचा पाना काढला. आगारातला माणूस. चारही बोल्टांवर जोर लावून पाहिला. एकही केसभर फिरला नाही.

"कोणी बसवले हे?"

मी मनगटाकडे पाहिलं. आता अठ्ठावीस जोर होतात. "म्हणजे, बाबांनी निवडले आणि मी..."

"घरातल्याच माणसानं," सासरे म्हणाले.

ओसमानी वाकला. लाल ठिपक्याला बोट लावलं, माथ्यावरचा आकडा वाचला, आणि मग मान वर करून कोणाकडे पाहिलं तर बहिणीच्या हातांकडे. ती केकवर मेणबत्ती खोचत होती. नखं नेहमीसारखी कोरी.

"ताई," तो म्हणाला, "आमच्या आगारात जागा आहे एक."

"मला घरचंच पुरे आहे."

तिघेही हसले. मला वाटतं लहानपणीची काही आठवण असणार. या कुटुंबात काही विनोद माझ्या आधीपासून चालू आहेत. ओसमानीनं पाना खिशात टाकला, बापाला मिठी मारली आणि म्हणाला, "राहा तुम्ही तुमच्या कोंबड्यांत. पण दुसऱ्या डोळ्याला माझ्याकडेच यायचं."

"कबुतरं कशी आहेत?" सासऱ्यांनी विचारलं.

म्हणजे राहिले. लिहितानाही बरं वाटतं.

११ मे, मंगळवार

नेरेइदासाठी काहीतरी आणावं असं किती दिवस मनात होतं. बापासाठी तिनं एवढी दगदग काढली, आणि गाडीचं सगळं श्रेय आम्ही दोघा पुरुषांनी वाटून घेतलं. शेजारच्या न्हाव्याची बायको हवानाला नर्स आहे, त्याच्याकडून खटपट करून लाल नेलपॉलिशची नवी बाटली मिळवली. तीच छटा, मी जुनी रिकामी बाटली सोबत नेली होती.

सकाळी कॉफीबरोबर तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, "लपून लावायची गरज नाही. मला सगळं माहीत आहे."

तिनं कप खाली ठेवला. "सगळं?"

"पाठशाळेत शिकलोय मी. अनुमान करता येतं."

मी काय अनुमान केलं ते सांगितलं. ती हसायला लागली. इतकी हसली की डोळे पुसावे लागले, मग माझं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेतला, न्हावी कुंपणावरून बघत असताना. मग उठली आणि बाटली गाडीला अडकवलेल्या पिशवीत ठेवली.

"अगं, ती पान्यांची पिशवी आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "जा, आंघोळ करून घे. आणि आज सगळी सूक्तं म्हण, सावकाश. उद्या बाबांकडे जायचंय ना?"